जुन्या गाडीला बाहेरचं तापमान दाखवणारा डिस्प्ले : ५१ अंशांनी शिकवलेला धडा



आजचा पाठ नववीच्या विज्ञानातला आहे, पण तो सुरू झाला आमच्या गाडीत. आमची गाडी २००६ सालची. नव्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान दिसतं, तसं हिच्यात नाही. मार्चमध्ये वर्गात रोध आणि ओहमचा नियम शिकवून झाला होता. वाटलं, मुलांना सोबत घेऊन हा डिस्प्ले आपणच बसवू. बाजारात १२ व्होल्टवर चालणारा छोटा डिस्प्ले आणि वायरीच्या टोकाला सेन्सर असा संच दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

बसवला. एप्रिलमधल्या एका दुपारी डिस्प्लेवर ५१ आकडा दिसला. मी उत्साहाच्या भरात त्याचा फोटो काढून वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात चाळीसेक मेसेज! "मॅडम, दुपारचा खो-खोचा सराव बंद करा." "शाळाच बंद ठेवा." मुख्याध्यापकांचाही फोन आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने हात वर केला. "मॅडम, भारतात नोंदलेलं सगळ्यात जास्त तापमान राजस्थानात फलोदीला, १९ मे २०१६ ला, ५१ अंश. मग आपल्या वाईने फलोदीला गाठलं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यातल्या साध्या तापमापकाने आदल्या दिवशी ३७ दाखवलं होतं. खरं कोण, खोटं कोण? पुढचे चार तास आम्ही हाच प्रश्न घेऊन बसलो. तोच हा पाठ.

सेन्सर म्हणजे काय?

वायरीच्या टोकाला जो काळा मणी असतो तो थर्मिस्टर. हा अर्धवाहक पदार्थाचा रोध आहे. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो; या थर्मिस्टरचं उलटं असतं. तापला की रोध कमी होतो. डिस्प्लेच्या आत एक ठरावीक रोध थर्मिस्टरला एकसर जोडणीत जोडलेला असतो. दोघांत मिळून विभवांतर वाटलं जातं. थर्मिस्टरच्या वाट्याला किती आलं ते मोजायचं आणि त्यावरून तापमान काढायचं, एवढंच काम आतली चिप करते.

आमचा थर्मिस्टर २५ अंशाला १० किलोओहमचा होता. मुलांकडून ५ व्होल्ट आणि १० किलोओहमचा ठरावीक रोध धरून ही गणितं करून घेतली:

० अंश : रोध सुमारे ३३.६ किलोओहम, विभवांतर सुमारे ३.८५ व्होल्ट
२५ अंश : रोध १० किलोओहम, विभवांतर २.५ व्होल्ट
४० अंश : रोध सुमारे ५.३ किलोओहम, विभवांतर सुमारे १.७३ व्होल्ट
५० अंश : रोध सुमारे ३.६ किलोओहम, विभवांतर सुमारे १.३२ व्होल्ट

रोधाचे आकडे मी दिले, विभवांतर मुलांनी काढलं. "एकसर जोडणी कुठे वापरतात?" या प्रश्नाला इतकं हाताशी असलेलं उत्तर मला आजवर सापडलं नव्हतं. आलेखही काढायला लावा. रेषा सरळ येत नाही, वाकते. का वाकते यावर चांगली चर्चा होते.

वायर लांबवली तर आकडा चुकेल का?

हा प्रश्न एका मुलाने विचारला आणि पहिला संशय आमचा वायरीवरच गेला. संचातली वायर एक मीटरची होती. डॅशबोर्डपासून पुढच्या बंपरपर्यंत पोहोचायला आम्ही ती चार मीटर केली होती. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०३४ ओहम. जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे ०.२७ ओहम. आणि २५ अंशाच्या आसपास थर्मिस्टरचा रोध एका अंशाला सुमारे ४४० ओहमने बदलतो. म्हणजे वायरीमुळे अंशाच्या हजाराव्या भागाइतकाही फरक पडत नाही. वायर निर्दोष!

इथे एक जास्तीची माहिती द्यायला हरकत नाही. प्लॅटिनमचा १०० ओहमचा सेन्सर एका अंशाला जेमतेम ०.३९ ओहमने बदलतो. तो असाच दोन तारांनी जोडला असता तर याच वायरीने पाऊण अंशाची चूक केली असती. स्वस्तातला थर्मिस्टर गाडीसाठी का सोयीचा, हे मुलांना लगेच कळतं.

बर्फाची परीक्षा

दुसरा संशय सेन्सरवर. त्याची परीक्षा घ्यायची तर माहीत असलेलं तापमान हवं. ते स्वयंपाकघरात मिळतं: बर्फ वितळताना शून्य अंश.

यात एक चूक सगळे करतात. ग्लासभर पाण्यात बर्फाचे दोन खडे टाकतात आणि सेन्सर तळाशी सोडतात. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, त्यामुळे तळाशी ४ अंशाच्या जवळपासचं पाणी साचतं. म्हणून बर्फ बारीक कुटून ग्लास भरून घ्या, फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळत राहा आणि पाच मिनिटांनी आकडा वाचा. आमच्या डिस्प्लेने १ अंश दाखवला. मग कोमट पाण्यात प्रयोगशाळेतला तापमापक आणि सेन्सर एकत्र बुडवले. तापमापक ४०, डिस्प्ले ४१.

म्हणजे सेन्सर एक अंश जास्त दाखवतो, पण चौदा अंश नाही. वायर बरोबर, सेन्सर जवळजवळ बरोबर. मग उरलं काय?

जागा!

वर्गातल्या एका मुलाचे वडील ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी बोनेट उघडलं आणि हसलेच. "मॅडम, तुम्ही सेन्सर रेडिएटरला खेटून बांधलाय. तिथं इंजिनाची धग लागतीय. हे बाहेरचं तापमान नाय, गाडीचं तापमान हाय."

चूक माझीच होती. बांधायला सोपी जागा म्हणून मी ती निवडली होती. गाडी पळत असताना समोरून वारा येतो तेव्हा फरक कमी असतो, पण गाडी उभी राहिली की रेडिएटरची आणि इंजिनाची सगळी उष्णता तिथेच कोंडते. फोटो काढला तेव्हा गाडी शाळेच्या आवारात उन्हात उभी होती.

हवामान खात्यातली माणसं तापमापक कसा ठेवतात ते मग मुलांना सांगितलं. पांढरा रंग दिलेली, चारी बाजूंनी झडपा असलेली लाकडी पेटी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात. वारा आत खेळतो, पण ऊन थेट लागत नाही. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती तयार करणारे थॉमस स्टीव्हन्सन हे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या लेखकाचे वडील. आपल्याकडचा दुवाही सांगा: भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात.

गाडीत अशी पेटी ठेवता येत नाही, पण तत्त्व तेच. सेन्सरची जागा निवडताना आम्ही हे ठरवलं:

१) पुढच्या बंपरच्या मागे, एका कडेला. रेडिएटर, इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप यांपासून दूर.
२) थेट ऊन लागू नये, पण वारा लागावा.
३) सेन्सर पत्र्याला टेकू नये, पत्रा तापला की तोही तापतो.
४) फार खाली नको. उन्हात डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, शिवाय चिखल-पाणी उडतं.

जागा बदलल्यावर त्याच वेळी, तेवढ्याच उन्हात दहा मिनिटं गाडी चालवली. डिस्प्ले ३८. एक अंश वजा केला की ३७. व्हरांड्यातल्या तापमापकाशी जुळलं! वर्गात टाळ्या पडल्या. पण गाडी पंधरा मिनिटं उभी करून पाहिली तर पुन्हा ४३. म्हणून आमचा नियम: गाडी दहा मिनिटं चालल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. अनेक कंपन्यांच्या गाड्यांतही हीच अडचण ओळखून, वेग कमी असताना डिस्प्लेवरचा आकडा वर जाऊ देत नाहीत.

जोडणी करताना : हे मोठ्यांचं काम

मुलांनी पाहायचं, नोंदी घ्यायच्या. हात मोठ्यांनी लावायचा, तोही शक्यतो जाणकाराच्या देखरेखीखाली.

– आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची.
– डिस्प्लेला वीज किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवरून घ्यायची. कारण गणिताने पटवा: डिस्प्ले ०.०२ अँपिअर घेतो असं धरा. दिवसाला ०.४८ अँपिअर-तास. मे महिन्यात गाडी ३० दिवस उभी राहिली तर १४.४. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे चाळीस टक्के नुसती बसल्याबसल्या गेली.
– लाइनजवळच १ अँपिअरचा फ्यूज हवाच. वायरीचं आवरण घासून ती पत्र्याला टेकली तर फ्यूज उडेल. फ्यूज नसेल तर वायर पेटेल.
– इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या गाडीत १४ च्या वर व्होल्टेज जातं. डिस्प्ले तेवढं सोसणारा आहे ना, ते घेतानाच पाहा.
– इंजिनाकडून आत वायर आणताना आधीपासून असलेल्या रबरी ग्रोमेटमधूनच आणायची. पत्र्याच्या उघड्या भोकातून नाही.
– एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कनेक्टरच्या आणि पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावायचा नाही, आणि एअरबॅग उघडते त्या जागेवर डिस्प्ले चिकटवायचा नाही.
– सोल्डर केलेल्या जोडावर हीट श्रिंक ट्यूब चढवा. पाणी शिरलं की आकडे भरकटतात.

घाटातला प्रयोग

आता गंमत. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. हवेचं तापमान दर हजार मीटरला सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. मग पसरणी घाट चढताना किती उतरायला हवं? ६०० मीटरला ३.९ अंश. मुलांनी आधी वहीत उत्तर लिहिलं, नंतर मी रविवारी घाट चढले आणि आकडे आणून दिले. घाटाच्या पायथ्याशी ३४, पाचगणीत ३०. एक अंशाची दुरुस्ती इथे करायची गरज आहे का, हा प्रश्न मुद्दाम विचारा. नाही, कारण फरक काढताना ती दोन्हीकडून निघून जाते. हे ज्याला कळलं त्याला उपकरणातली चूक म्हणजे काय ते कळलं.

आपल्या गावाजवळ घाट नसेल तर गावातला बाजार, नदीचा पूल आणि उसाचं शेत अशी तुलना करा.

पालकांसाठी खास

एक प्रयोग मी मुलांशिवाय केला. गाडी उन्हात उभी केली, काचा बंद, सेन्सर आतल्या सीटवर सावलीत. बाहेर ३४. अर्ध्या तासाने आत ४९. काचेतून ऊन आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, गरम झालेली हवा कोंडून राहते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. बाहेरचा आकडा कितीही सुसह्य वाटला तरी "पाच मिनिटांत येते" म्हणून लेकराला गाडीत ठेवू नका. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

ग्रुपवर टाकलेलं ५१

शेवटी ते निस्तरायचं होतंच. मी त्याच ग्रुपवर लिहिलं: "परवाचा ५१ चा आकडा चुकीचा होता. सेन्सर मी चुकीच्या जागी लावला होता. हवेचं तापमान ३७ होतं." सोबत मुलांचा तक्ता टाकला. लगेच दुसऱ्या बाजूने मेसेज आले, "मग काय, ३७ च तर! सराव चालू ठेवा." तेव्हा मुलांनीच सुचवलं की ३७ हे सावलीतलं आहे हेही सांगा. मैदानी भागात कमाल तापमान ४० ला पोहोचल्याशिवाय हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही हे खरं, पण भर दुपारी उघड्या मैदानात धावणाऱ्या मुलाला सावली नसते. सराव सकाळी सातला नेला. आकडा चुकीचा निघाला म्हणून ऊन खोटं ठरत नाही.

चूक कबूल करताना अवघड वाटलं. पण त्यानंतर वर्गात एक फरक पडला. कुणी कुठला आकडा सांगितला की मुलं आता विचारतात, "कुठे मोजला? कधी? कशाने?"

वर्गात विचारायचे प्रश्न

१) थर्मिस्टर आणि तांब्याची तार यांच्या रोधात तापमानाने होणारा बदल वेगळा का?
२) गाडी धुतल्यावर लगेच डिस्प्ले खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवेल. का? (बाष्पीभवन आठवा.)
३) सेन्सरवर काळी टोपी घातली आणि पांढरी घातली, तर उन्हात काय फरक पडेल? करून पाहा.
४) आपल्या घरातल्या तापमापकाची जागा बरोबर आहे का? नसेल तर कुठे हलवाल?

गाडी नसली तरी चालेल. सेन्सर शाळेच्या खिडकीबाहेर लावा, बर्फाची परीक्षा घ्या आणि महिनाभर रोज एकाच वेळी नोंद ठेवा. फक्त एक करा: पहिला आकडा कुणाला पाठवण्याआधी सेन्सर कुठे लावलाय ते एकदा जाऊन बघा.