दानलेख आणि सामंतसत्ता : पाटण येथील मठाचा शिलालेख

आपल्यापैकी काहीजण सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील. तेथील भूखंडाच्या भाडेपट्ट्यात देणारा, घेणारा, चतुःसीमा आणि अटी यांची नोंद असते. मध्ययुगीन दानलेखही प्रथम असाच व्यवहाराचा दस्तऐवज म्हणून वाचावा.

उदाहरण म्हणून चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख घेऊ. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव (योगी चांगदेव नव्हेत) हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी मठ स्थापन केला. निकुंभ वंशातील सामंत सोइदेव याने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिले.

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. त्यात यादव, निकुंभ आणि भास्कराचार्य यांच्या घराण्यांची प्रशस्ती आहे. उत्पन्नाचा तपशील मात्र मराठीत येतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राउळाला, म्हणजे सत्ताधाऱ्याला, मिळणारे देणे मठाला दिले आहे. तेलाच्या घाण्यांवरही देणे लावले आहे. ज्यांनी ते द्यावयाचे, त्यांना कळावे म्हणून येथे लोकभाषा वापरली असावी, असे अनुमान करता येते.

आता सत्तेचा प्रश्न विचारू. जे आपल्या अधिकारात नाही ते कोणी दान देऊ शकत नाही. म्हणून हा लेख सोइदेवाच्या औदार्यापेक्षा त्याच्या अधिकाराविषयी अधिक सांगतो. सार्वभौमत्व यादवांचे असले, तरी स्थानिक बाजाराचे उत्पन्न सामंताच्या हाती होते.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. दानाचे पुण्य आणि कीर्ती दात्याच्या नावे कोरली गेली; तेल मात्र तेल्याच्या घाण्यातून गेले. त्याचे म्हणणे शिळेवर नाही. शिवाय लेखातून आज्ञा सिद्ध होते, तिची अंमलबजावणी नव्हे.

स्वयंअध्ययन : आपल्या जिल्ह्यातील पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात (शके ११९५ ते ११९९) विठ्ठलमंदिराच्या देणगीदारांच्या नोंदी आहेत. त्याचे वाचन मिळवून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.

१. दाता कोण व त्याचा अधिकार कोणता?
२. दान कशाचे आहे?
३. त्याचा भार कोणावर पडला?
४. लेख कोणाविषयी मौन पाळतो?