जुन्या गंजलेल्या पिकअप गाडीची दुरुस्ती : केव्हा करावी व कशी करावी

विषयप्रवेश

इंदापूर तालुक्यातील शेळगाव व आसपासच्या वस्त्यांवर हिंडताना एखाद्या घरामागे, चिंचेच्या अगर बाभळीच्या सावलीत, वर्षानुवर्षे एकाच जागी उभी असलेली जुनी मालवाहू गाडी पुष्कळदा दृष्टीस पडते. चाकांतील हवा गेलेली असते, हौद्यात कडबा व मोडकी पाइपे पडलेली असतात आणि पत्र्याला जागोजाग तांबूस खपल्या धरलेल्या असतात. भंगारवाला दारावर येतो, वजनावर भाव सांगतो, आणि घरात वाद उत्पन्न होतो. एक म्हणतो, "विकून टाकू, जागा तरी मोकळी होईल." दुसरा म्हणतो, "ती आबांची गाडी आहे."

दोघांचेही म्हणणे खोटे नसते. मुंबईत 1947 साली विलीस जीपची जोडणी सुरू झाल्यापासून जीप व तिच्या धर्तीच्या मालवाहू गाड्या आपल्या ग्रामीण जीवनात शिरल्या. कांदा, दूध, बेणे, खत, आजारी माणूस आणि लग्नाचे वऱ्हाड ही सर्व कामे एकाच गाडीने केली. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते तेव्हा वारकऱ्यांसाठी पाण्याची पिंपे अशाच गाड्यांतून नेली जातात. अशा गाडीविषयी कुटुंबाला आपुलकी वाटावी यात नवल नाही. परंतु आपुलकी हा दुरुस्तीचा हेतू असू शकतो. दुरुस्तीचा हिशेब नव्हे. हा हिशेब कसा मांडावा व काम कोणत्या क्रमाने करावे, हे या पाठात सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल असे समजू की, वडिलांच्या पश्चात दोन भावांकडे एक डिझेलवर चालणारी जुनी पिकअप आली आहे. गाडी दहा वर्षे बंद आहे. धाकट्यास ती पुन्हा चालवावयाची आहे. थोरल्यास ऊसतोडीपूर्वी ठिबकची खरेदी करावयाची असून पैसा एकच आहे.

1. गंज म्हणजे काय?

लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू यांचा संयोग होऊन गंज तयार होतो. यांपैकी पाणी अगर हवा दूर ठेवता आली, तर गंजाची क्रिया थांबते. रंग, तेल व ग्रीस यांचे कार्य हेच होय. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट अधिक असते. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की तो सांधा आतून फुगतो व वरचा रंग उचलला जातो. रंगाला आलेला फुगा ही गंजाची सुरुवात नसून पुष्कळदा त्याची शेवटची पायरी असते.

आपल्या भागात पाऊस कमी पडतो, तरीही गाड्या गंजतात. त्याची कारणे शेतीच्या वापरातच आहेत. पहिले कारण रासायनिक खत. पोटॅशच्या सर्वसामान्य खतात क्लोराइड असते व ते लोखंडाचा नाश झपाट्याने करते. खताची पोती वाहून हौदा न धुणे म्हणजे मीठ चोळून ठेवण्यासारखेच आहे. दुसरे कारण काळी जमीन. ती ओल दीर्घकाळ धरते, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या बुडाला ती ओल सतत लागत राहते. तिसरे कारण चिखल. शॅसीच्या कप्प्यांत बसलेला चिखल वरून वाळलेला दिसला तरी आत ओलाच असतो.

2. प्रथम तपासणी, मग निर्णय

रंग खरवडण्यास आरंभ करण्यापूर्वी शॅसी तपासावी. पत्रा बदलता येतो, इंजिन उतरवून बांधता येते. परंतु शॅसी हा गाडीचा कणा आहे.

(अ) शॅसीवरील चिखल धुऊन काढावा व ती पूर्ण वाळू द्यावी.

(आ) लहान हातोडीने सर्वत्र ठोकून पाहावे. सशक्त लोखंड खणखणीत वाजते. कुजलेले लोखंड बद्द वाजते व खपल्या गळतात.

(इ) संशयित जागी टोकदार टोच्या दाबावा. टोच्या आत शिरला, तर तेथील लोखंड संपले असे समजावे.

(ई) पाट्यांच्या कमानी जेथे बसतात ती जागा, स्टिअरिंग बॉक्सची बैठक, आडव्या पट्ट्यांचे सांधे, बॅटरीखालचा भाग व हौद्याचे बोल्ट यांची विशेष तपासणी करावी.

(उ) शॅसीवरील चार जुळत्या बिंदूंमधील दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. दोन्ही सारखे भरले नाहीत, तर शॅसी वाकलेली आहे.

एखाददुसऱ्या आडव्या पट्टीला गंज असेल, तर कसबी मिस्त्रीकडून दुरुस्ती करता येते. परंतु स्टिअरिंगची बैठक व पाट्यांच्या जागा कुजल्या असतील आणि शॅसी ठिकठिकाणी भोकांडलेली असेल, तर ती गाडी रस्त्यावर आणण्याचा विचार सोडावा. भरल्या हौद्यासह धावताना अशी शॅसी तुटली, तर वडिलांची आठवण राहणार नाही. दुसरीच आठवण घराच्या वाट्याला येईल.

3. कागदपत्रे

दुरुस्तीवर एक रुपया खर्च करण्यापूर्वी नोंदणीचे पुस्तक शोधावे. शेळगावच्या शेतकऱ्यांना यासाठी बारामती येथील परिवहन कार्यालयात जावे लागते. गाडी मृत वडिलांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावे हस्तांतर करून घ्यावे लागते. नियमाप्रमाणे मृत्यूची खबर 30 दिवसांत देऊन तीन महिन्यांच्या आत अर्ज करावयाचा असतो. मुदत टळली असल्यास कार्यालयात चौकशी करून ते काम आधी मार्गी लावावे. भावांची संमती तोंडी न ठेवता लेखी घ्यावी.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते. पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीस योग्यता प्रमाणपत्र लागते. शिवाय तृतीय पक्ष विमा, प्रदूषण तपासणी व पर्यावरण कर हा खर्चही हिशेबात धरावा. विम्याशिवाय गाडी "जरा फाट्यापर्यंत" नेणे हाही गुन्हाच आहे.

50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली व व्यापारी वापरात नसलेली गाडी असेल, तर 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची "विंटेज" म्हणून नोंद होऊ शकते. मात्र अशी गाडी दैनंदिन वापरासाठी रस्त्यावर चालविता येत नाही.

अत्यंत महत्त्वाची सूचना अशी की, शॅसीवर ठोकलेला क्रमांक ग्राइंडरने घासू नये, कापू नये व जाड रंगाखाली बुजवू नये. तो क्रमांक नष्ट झाला, तर गाडीची ओळख संपली. कामास आरंभ करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे व त्या जागेवर ग्रीस लावून चिकटपट्टी ठेवावी.

4. खर्चाची मर्यादा

वहीत तीन रकाने आखावेत : "केलेच पाहिजे", "केल्यास बरे" व "थांबू शकेल". ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे व शॅसी पहिल्या रकान्यात; सीट व काचांचे रबर दुसऱ्यात; चकचकीत रंग तिसऱ्यात. पहिल्या रकान्याची बेरीज हातातील शिल्लक रकमेत बसत नसेल, तर काम पुढे ढकलावे. पीककर्जाची रक्कम या कामी वळवू नये. वरील उदाहरणातील भावांनी ठिबक आधी घ्यावे व गाडी या वर्षी केवळ कोरड्या जागी झाकून ठेवावी, हाच शहाणपणाचा मार्ग होय. गंज थांबविण्यास थोडा खर्च येतो; गाडी चालू करण्यास फार येतो. पहिले काम आज करावे, दुसरे सवडीने.

5. काम करताना घ्यावयाची दक्षता

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. काळ्या मातीत जॅक खचतो. फरशीवर अगर कठीण जमिनीवर गाडी घेऊन मजबूत लाकडी ठोकळ्यांवर टेकवावी. डिझेल अगर पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला वेल्डिंग करू नये. आतील वाफेचा स्फोट होतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात व वाळूची बादली जवळ ठेवावी. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा व मुलांना दूर ठेवावे. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकून अगर हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. नदीच्या वाळूच्या झोताने पत्रा साफ करणे फुप्फुसांस घातक आहे. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये.

6. गंज काढणे व रंग देणे

सुटे भाग काढण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावावी. अडकलेल्या नटावर डिझेल व तेल यांचे मिश्रण सोडून रात्रभर थांबावे. घाईने बोल्ट तुटतो व काम दुप्पट होते.

सुटा गंज पत्र्याच्या पट्टीने व तारेच्या ब्रशने काढावा. खळग्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजरोधक लावून, डब्यावरील सूचनेप्रमाणे काम करून, पत्रा पूर्ण सुकवावा. उघडे झालेले लोखंड एका रात्रीत पुन्हा तांबूस होते. म्हणून जेवढा भाग दिवसभरात साफ होईल तेवढ्यासच त्याच दिवशी प्रायमर द्यावा. भोके पडलेल्या जागी नुसती लांबी भरू नये. लांबीखाली गंज चालूच राहतो. कुजका भाग कापून नवा पत्रा जोडावा.

दाराचे हँडल, कडी, बिजागरी असे लहान भाग विजेच्या साहाय्याने साफ करता येतात. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी घेऊन त्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा. 12 व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागास व धन तार टाकाऊ लोखंडाच्या पट्टीस जोडावी. दोन्ही एकमेकांस चिकटू देऊ नयेत. हे काम उघड्यावरच करावे, कारण ज्वालाग्राही वायू निघतो. धन बाजूस स्टेनलेस स्टील कदापि वापरू नये. त्यापासून विषारी द्रव्य तयार होते. स्प्रिंगा व उच्च ताकदीचे बोल्ट या रीतीने साफ करू नयेत; ते ठिसूळ होण्याची भीती असते.

7. इंजिन

दहा वर्षे बंद असलेले इंजिन बॅटरी लावून एकदम फिरविणे म्हणजे ते मोडणे होय. प्रथम टाकीतील जुने डिझेल काढावे. टाकी, नळ्या व फिल्टर साफ करावेत. इंजिनातील तेल काढून पाहावे. ते दुधट असेल, तर त्यात पाणी गेले आहे. नोजल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे व एक-दोन दिवसांनी पुलीच्या नटाला लांब पाना लावून हाताने हळूहळू फिरवावे. अडल्यास जोर करू नये. मोकळे फिरू लागल्यावर, नोजल बसविण्यापूर्वी, इंजिन फिरवून वरचे तेल बाहेर टाकावे. आत राहिलेल्या तेलावर डिझेल इंजिन बेफाम धावू शकते. त्या प्रसंगासाठी हवेच्या तोंडावर दाबण्यास एक सपाट फळी हाताशी ठेवावी. हाताचा पंजा लावू नये.

8. ब्रेक

ब्रेकचे द्रव हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे मास्टर सिलिंडर व चाकांवरील सिलिंडर आतून गंजतात. सर्व रबरी भाग, होज व द्रव नवे घालावे. लोखंडी नळी गंजलेली असल्यास ठिगळ न लावता बदलावी. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूस चिरा असतील तर तो टाकाऊ समजावा. पहिली चाचणी मोकळ्या माळावर, अत्यंत कमी वेगाने व हौद्यात कोणीही नसताना घ्यावी.

9. काय राखावे

सर्वच जुने पुसून टाकणे हा जीर्णोद्धार नव्हे. पुढील काचेवर वडिलांनी रंगवून घेतलेले नाव, पोत्यांनी घासून गुळगुळीत झालेली हौद्याची कड, ही गाडीची खूण आहे. ती स्वच्छ करून वर पारदर्शक वार्निश द्यावे. शॅसी निकामी ठरली, तरी सर्व संपत नाही. गाडी रीतसर नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन ठेव प्रमाणपत्र घ्यावे; नवे वाहन घेताना त्यावर करात सवलत मिळू शकते. गाडी देण्यापूर्वी स्टिअरिंगचे चाक अगर दाराचे हँडल आठवण म्हणून ठेवून घेण्याविषयी केंद्रचालकाशी बोलावे.

10. पुढील निगा

खत वाहिल्यावर हौदा त्याच दिवशी पाण्याने धुवावा. हौद्याची व दारांच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे उघडी ठेवावीत. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, शॅसीच्या कप्प्यांत गंजरोधक तेल मारावे. गाडी फरशीवर, छपराखाली व हवा खेळेल अशी ठेवावी. प्लॅस्टिकचा कागद घट्ट लपेटल्यास आत ओल धरते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ वाचून न दाखविता एखाद्या वस्तीवर प्रत्यक्ष गाडीजवळ घ्यावा. हातोडी व टोच्या शेतकऱ्यांच्या हाती द्यावा. हीच तपासणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस, नांगरास व फवारणी यंत्रास लागू पडते, हे दाखवून द्यावे. त्यानंतर पुढील प्रश्नांवर चर्चा घ्यावी :

(1) आपल्या गावात कोणत्या यंत्रांना खतामुळे गंज चढतो?

(2) शॅसी कोणत्या स्थितीत दुरुस्तीपलीकडे गेली असे समजावे?

(3) उदाहरणातील दोन भावांना आपण काय सल्ला द्याल, आणि आईचे मत केव्हा विचाराल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : सर्वांच्या आधी. कारण त्या गाडीतून घरी आलेले पहिले ओझे कोणते होते, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.