महाधमनीचा फुगवटा : रक्ततपासणीतून आधी कळतो का?

हृदयातून निघून छातीतून पोटात उतरणारी, शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. उतारवयात काहींच्या महाधमनीची भिंत कमकुवत होते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा यावा, तसा तिला फुगवटा येतो. रुंदी ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाली की डॉक्टर त्याला 'अ‍ॅन्युरिझम' म्हणतात.

हा विकार मोठा कपटी आहे. वर्षानुवर्षे काही दुखत नाही, खुपत नाही. पण फुगवटा फुटला, तर दहापैकी सुमारे आठ रुग्ण दगावतात. कित्येक जण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ साली शस्त्रक्रिया करून त्यांच्या फुगवट्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळण्यात आला होता. एप्रिल १९५५ मध्ये तो फुटला आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

धोका कोणाला?

पहिला क्रमांक बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा. त्यानंतर पासष्टी ओलांडलेले पुरुष, उच्च रक्तदाबाचे व वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे रुग्ण आणि ज्यांच्या वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा विकार झाला आहे, असे लोक. अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेल्या 'एरिक' या अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या पंधरा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची दीर्घकाळ नोंद ठेवली गेली. मध्यम वयात धूम्रपान करणाऱ्यांपैकी नऊजणांत किमान एकाला पुढे आयुष्यात हा फुगवटा होतो, असा अंदाज त्यातून निघाला. ज्यांनी धूम्रपान सोडले, त्यांचा धोका कमी झाला.

रक्त काय सांगते?

फुगवट्याच्या आत रक्ताचा प्रवाह मंदावतो, भोवरे घेतो आणि भिंतीलगत गुठळ्यांचे थर साचतात. गुठळी होणे व विरघळणे सतत चालू राहिल्याने 'डी-डायमर' नावाचे प्रथिनाचे तुकडे रक्तात वाढतात. कोरोनाच्या साथीत हे नाव अनेकांच्या कानावरून गेले असेल. भिंतीला आलेल्या सुजेमुळे 'सीआरपी' आणि गुठळीला लागणारे 'फायब्रिनोजेन' ही प्रथिनेही वाढलेली आढळतात. 'एरिक' अभ्यासातही ज्यांच्या रक्तात ही प्रथिने जास्त होती, त्यांना पुढील काळात फुगवटा होण्याचे प्रमाण अधिक दिसले.

मग एका रक्ततपासणीने काम का भागू नये? कारण ही प्रथिने फक्त या विकारात वाढत नाहीत. साध्या न्यूमोनियाने सीआरपी वाढते, सांधे सुजले तरी वाढते. डी-डायमर तर गरोदरपणात, शस्त्रक्रियेनंतर, कर्करोगात आणि नुसत्या वाढत्या वयानेही वाढते. धूर दिसतो, पण आग कोणत्या घराला लागली ते कळत नाही. उलट, लहान फुगवटा असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. म्हणून रक्ताचा अहवाल 'नॉर्मल' आला, एवढ्यावर निश्चिंत राहू नये आणि आकडा वाढला म्हणून घाबरूनही जाऊ नये.

खात्रीची तपासणी कोणती?

पोटाची सोनोग्राफी. ती दुखत नाही, तिच्यात क्ष-किरण नसतात. इंग्लंडमध्ये ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ६७,८०० पुरुषांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना सोनोग्राफीसाठी बोलावले, त्या गटात चार वर्षांत या विकाराने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होते. तिथे पासष्टीच्या पुरुषांना ही तपासणी सरकारतर्फे एकदा मोफत दिली जाते.

वाचकांनी काय करावे?

१) वय ६५ च्या पुढे असून कधी काळी धूम्रपान केले असेल, किंवा घरात कोणाला हा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारून उपाशीपोटी सोनोग्राफी करून घ्यावी. 'महाधमनीची रुंदी मोजून अहवालात लिहा,' असे आवर्जून सांगावे.

२) फुगवटा लहान असल्यास शस्त्रक्रियेची घाई नसते. डॉक्टर सांगतील त्या अंतराने तो पुन्हा मोजून घ्यावा. पुरुषांत रुंदी साधारण ५.५ सेंटिमीटर झाली, की शस्त्रक्रियेचा किंवा जांघेतून आत स्टेंट बसवण्याचा विचार करतात. स्त्रियांत ही मर्यादा थोडी कमी धरतात.

३) बिडी-सिगारेट आजच बंद करावी व रक्तदाब आटोक्यात ठेवावा.

४) उतारवयात पोटात किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ येऊन घाम फुटला, भोवळ आली, तर मुतखडा समजून घरी काढा घेत बसू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेले मोठे रुग्णालय तातडीने गाठावे. तिथे मिनिटामिनिटाला मोल असते.