चैत्रातलं परसदार आणि कापलेला अर्धा गुण



'वसंत ऋतू' किंवा 'माझा आवडता ऋतू' हा निबंध तुम्ही पाचवीपासून लिहीत आला आहात, आणि मी तो एकवीस वर्षं तपासत आलो आहे. त्यात एक वाक्य हमखास असतं : 'आंब्याच्या झाडावर बसून कोकिळा मंजुळ स्वरात गाते.' या वाक्याला मी कायम बरोबरची खूण केली. आज त्याबद्दल मला एक कबुली द्यायची आहे, पण त्याआधी तुम्हाला आमच्या परसदारातून एक फेरी मारावी लागेल.

परसदार म्हणजे काही बाग नव्हे. धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, एक कडुलिंब, एक जुना शेवगा, आईचा मोगरा आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा आंबा. एवढाच संसार. चैत्रात मात्र तिथून पाय निघत नाही. पहाटे साडेपाचला तारेवर दयाळ येऊन बसतो. काळा-पांढरा, शेपटी वर करून शीळ घालणारा. बांगलादेशाचा हा राष्ट्रीय पक्षी आमच्याकडे रोज गजराचं काम करतो! तोवर कडुलिंबाखाली बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. त्याला मधासारखा वास येतो. पाडव्याला गूळ, डाळ, ओवा यांच्याबरोबर कडुलिंब खाताना तोंड वाकडं करणाऱ्यांनी एकदा ही फुलं हुंगून बघावीत.

मोगऱ्याची पानं आई माघातच ओरबाडून टाकते. मला ते क्रूर वाटायचं. पण त्यामुळेच नवी फूट येते आणि त्या फुटीवर कळ्या धरतात. कळ्या संध्याकाळी उमलतात, तेव्हा वास थेट स्वयंपाकघरात येतो. इथे एक गंमत लक्षात घ्या. अंधार पडल्यावर उमलणारी फुलं बहुधा पांढरी आणि सुवासिक असतात, कारण त्यांचे पाहुणे म्हणजे रात्री उडणारे पतंग. ते पतंग वासाच्या मागावर येतात. याउलट बांधावरचा पांगारा बघा. लालभडक, पण वास म्हणाल तर शून्य. त्याचे पाहुणे आहेत मैना, कावळे, बुलबुल. पक्ष्यांना लाल रंग चटकन दिसतो. ते मध प्यायला चोच खुपसतात आणि कपाळाला पराग लावून दुसऱ्या फुलावर जातात. 'फुले फुलतात' एवढं लिहून आपण पुढे जातो, पण कोणतं फूल कुणासाठी फुललं आहे हे बघितलं तर निबंधाला एक परिच्छेद आपोआप मिळतो.

आता शेवगा. त्याच्या फुलांवर सकाळी शिंजीर येतात. नर उन्हात जांभळा-काळा चमकतो, मादी पोटाखाली पिवळसर. या शेवग्याची एक फांदी वाळून गेली होती, अगदी धुण्याच्या दगडावर आलेली. आई म्हणाली, "अरे, एखाद्या दिवशी ती माझ्या डोक्यात पडेल. तोडून टाक." मी रविवारी माणूस बोलावला. शनिवारी दुपारी वह्या तपासत ओट्यावर बसलो होतो, तर वरून बारीक भुसा पडायला लागला. मान वर केली. फांदीच्या खालच्या अंगाला चिमणीएवढा हिरवा पक्षी चिकटलेला, कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळा रंग. तांबट! तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा 'टुक्-टुक्-टुक्' आवाज तुम्ही दुपारी ऐकला असेल, तो याचाच. हा पक्षी वाळलेल्या, मऊ लाकडात घरटं कोरतो. म्हणजे आपल्या लेखी जी फांदी मेलेली, ती त्याच्या लेखी घराचा प्लॉट.

माणसाला परत पाठवलं. आईने दोन दिवस अबोला धरला, मग धुण्याची बादली स्वतःच टाकीपाशी सरकवली. दुपारचा चहा मात्र ती त्याच ओट्यावर घेऊ लागली. "आज दोघंही आळीपाळीने आत जातायत रे," हे मला तिनेच सांगितलं.

त्याच शनिवारच्या वह्यांत नववीतल्या एका मुलीचा निबंध होता. तिने लिहिलं होतं, 'आमच्या आंब्यावर काळा कोकीळ ओरडतो. त्याची बायको ठिपक्यांची आहे. ती गात नाही, कावळ्याच्या घरट्याजवळ लपून बसते.' मी लाल पेनाने 'ओरडतो' खोडलं, वर 'कोकिळा गाते' असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला. वही परत देताना ती काहीच बोलली नाही. खाली मान घालून जागेवर गेली.

तांबटामुळे वर बघायची सवय लागली होती. दोन आठवड्यांनी शेजारच्या आंब्यावर कुहू सुरू झालं. बघतो तर लाल डोळ्यांचा, काळा कुळकुळीत पक्षी, म्हणजे नर. कावळ्यांनी त्याला हुसकावलं आणि ते त्याच्या मागे लागले. तेवढ्यात पानांतून तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची मादी निघाली, 'किक्-किक्-किक्' करत घरट्याकडे गेली. कुहू गाणारा नर असतो. मादी अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, आणि तिची पिल्लं कावळ्याच्या पिल्लांआधी अंड्यातून बाहेर येतात. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ साली आलं. नर काळा आणि मादी ठिपक्यांची, हे काही मी लावलेला शोध नव्हे. फक्त मी बघितलं नव्हतं, आणि तिने बघितलं होतं.

सोमवारी वर्गात मी तिची वही मागून घेतली, माझी दुरुस्ती खोडली आणि अर्धा गुण परत दिला. वर्गाला कारणही सांगितलं. मग तिला म्हटलं, "तेव्हाच बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "सर, तुम्ही लाल पेनाने लिहिलं होतं ना." यावर मला काही सुचलं नाही.

राहता राहिली फांदी. मे महिन्यात वळवाच्या पावसात ती पडलीच, नेमकी धुण्याच्या दगडावर. आई म्हणाली, "बघ, म्हटलं होतं ना!" पिल्लं आधीच उडाली होती. ढोलीचं तोंड आम्ही पट्टीने मोजलं, पाच सेंटिमीटर. तो तुकडा आता वर्गाच्या कपाटात आहे, हातात घेऊन बघा.

कृती : एका वहीत चार रकाने आखा : तारीख, वेळ, काय दिसलं, कुठे दिसलं. आठ दिवस रोज दहा मिनिटं एकाच जागी बसा. अंगण नसेल तर गॅलरी चालेल, बसथांबाही चालेल. नाव माहीत नसेल तर रंग, आकार, आवाज लिहा. जे स्वतः पाहिलं नाही ते लिहू नका. निबंध त्यानंतर लिहायचा आहे, आणि माझी दुरुस्ती चुकीची वाटली तर तिथेच समासात तसं लिहायचं आहे, पेन्सिलने का होईना.

माझ्या वहीतली कालची नोंद : सकाळी ६.५०, मोगऱ्याच्या कुंडीशेजारी, शिंपी पक्षी. वांग्याच्या रोपाची दोन पानं शिवतोय. दोरा म्हणून आईच्या वातीचा कापूस.