सबमिशन झालं की बघू

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात माझी झोप गेली. भूक त्याआधीच मंदावली होती, मैत्रिणींचे फोन उचलणं बंद झालं होतं. पण या सगळ्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं, सबमिशन झालं की बघू. विषय अठराव्या शतकातल्या महसुलाचा. दिवसा पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल, म्हणजे गाठोडी, सोडून नोंदी उतरवायच्या आणि रात्री कॉट बेसिसवरच्या खोलीत प्रकरण लिहीत बसायचं. पहाटे तीनला जाग यायची ती छातीतल्या धडधडीने.

मला खरं हादरवलं ते मोडीने. सराईतपणे वाचत आलेलं वळण, पण एकेका ओळीवर अर्धा अर्धा तास जाऊ लागला. वाचलेलं पुढच्या पानावर आठवेना. कुठला संदर्भ ठेवावा, कुठला गाळावा, ठरवता येईना. आपली कुवतच नाही, अशी माझी खात्री पटत चालली.

संशोधन करणाऱ्यांना मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे. नैराश्य एकाग्रतेवर, स्मरणावर आणि निर्णय घेण्याच्या शक्तीवर घाला घालतं, आणि आपलं सगळं काम याच तिन्हींवर चालतं. त्यामुळे आजाराची लक्षणं आपल्याला नालायकीचा पुरावा वाटतात. मग आपण कामाचे तास वाढवतो, झोप आणखी तुटते, वाचन आणखी मंदावतं. उदासपणा किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकून राहिलं आणि जोडीला झोप, भूक, लक्ष बिघडलं, तर स्वतःच्या बुद्धीबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका. डॉक्टरांकडे जा.

मी आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या बिघाडानेही असाच थकवा आणि उदासी येते. नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती मनाने बंद करायची नसतात. फेलोशिप महिनोन् महिने थकलेली असताना खासगी फी झेपत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पुण्यातल्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तिथे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

२०१८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. २६ देशांतले २,२७९ विद्यार्थी, बहुतेक पीएच.डी. करणारे, त्यांतल्या ३९ टक्क्यांत मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. उत्तरं देणारे स्वतःहून पुढे आले होते, म्हणून हा आकडा सरसकट लावता येणार नाही. तरी आपल्या शेजारच्या टेबलावर कोणीतरी हेच सोसत असण्याची शक्यता बरीच आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

रजा घेतली तर पीएच.डी. बुडेल, ही भीती सगळ्यांना असते. नियम मुळातून वाचा. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीत कमाल मुदत सहा वर्षांची आहे, पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. अडचण तिथे लेखी नोंदवा. गाईडना आजाराचं नाव सांगणं बंधनकारक नाही. वैद्यकीय रजेचा अर्ज आणि प्रमाणपत्र द्या. उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ देतो.

गाईडशी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी चार ओळींचा ई-मेल पाठवायची सवय मी लावून घेतली: काय ठरलं, काय लिहून द्यायचं, कधीपर्यंत. पुढच्या भेटीला सगळंच बदललं जाण्याचं भय त्याने बरंच कमी झालं. कामाच्या वेळेलाही अशीच सीमा लागते. पेशवे दफ्तर संध्याकाळी बंद होतं, पण खोलीतल्या लॅपटॉपला बंद होण्याची वेळ नसते. ती आपण ठरवावी लागते. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून बसा, मंद उजेडात काहीतरी साधं वाचा, पेंग आली की परत आडवे व्हा. आठवड्यातून एकदा दुसऱ्या विभागातल्या कोणाबरोबर तरी बसून लिहा. रसायनशास्त्रातली मैत्रीण माझं प्रकरण तपासू शकत नव्हती, आणि तिच्यासमोर मला काही सिद्धही करायचं नव्हतं. तिच्या सोबतीत माझं लिखाण पुन्हा सुरू झालं.

गावाकडून “अजून किती वर्षं?” असं विचारतात तेव्हा आई-वडिलांना हिशेब हवा नसतो, काळजी असते. काम लांबलंय आणि तब्येतीवर उपचार चालू आहेत, एवढं त्यांना सांगून टाका. लपवण्यात फार शक्ती जाते.

जगणं नकोसं वाटू लागलं तर मात्र उद्यापर्यंतही थांबू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. आणि खोलीतली सोबतीण तसं काही बोलली, तर तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का, असं तिला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. तिला एकटी सोडू नका, घरच्यांना कळवा, आणि ओपीडीत केसपेपर काढायला तिच्याबरोबर जा.