प्लास्टिकचे गांडूळ आणि वितळलेला कोनमापक



विज्ञानाच्या पानासाठी यावेळी आम्ही जो विषय घेतला आहे तो वाचून काहींना नवल वाटेल. अमेरिकेत बास नावाचा मासा पकडण्यासाठी मऊ प्लास्टिकची आमिषे वापरतात, त्यांची ही माहिती आहे. इंदूरच्या मराठी शाळेला अमेरिकेतल्या माशाशी काय करायचे, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर आमच्या टेबलाच्या खणात आहे. ते सांगताना आम्हाला आमची एक चूकही कबूल करावी लागणार आहे.

वार्षिक परीक्षेच्या दिवसांत सातवीच्या वर्गात एकदम आरडाओरडा झाला. एका बाकावर वीतभर लांब, हिरवट-तपकिरी, लिबलिबीत गांडूळ पडले होते. ते प्लास्टिकचे होते. मुलाचे काका अमेरिकेत असतात, त्यांना मासेमारीचा छंद आहे, त्यांनी गंमत म्हणून पुतण्याला तीन-चार नमुने दिले होते. आम्ही ते गांडूळ त्याच्याच कंपासपेटीत टाकले, पेटी जप्त केली आणि आमच्या खणात ठेवून दिली. मग सुट्ट्या लागल्या.

शाळा उघडल्यावर मुलाच्या आईला बोलावून पेटी परत करताना झाकण उघडले, तर कोनमापक आणि पट्टी गांडुळाखाली विरघळल्यासारखी झाली होती. आकडे पुसले गेले होते, सगळे चिकट झाले होते. आम्ही मुलाला आईसमोरच रागावलो, की पेटीत काय ओतून ठेवले होतेस? तो खाली मान घालून म्हणाला, "सर, पेटी तर दोन महिने तुमच्याच खणात होती."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. शिक्षा आधी झाली होती आणि विचार नंतर सुरू झाला. पुढे जे समजून घेतले ते येथे मांडत आहोत. आमचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा एखादा शब्द इकडचा तिकडे झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमिष की चारा?

हिंदीत गळाला लावायच्या वस्तूला 'चारा' म्हणतात. मराठीत चारा गाई-म्हशींना घालतात, माशाला आमिष दाखवतात. 'आमिष' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस. सामिष आणि निरामिष हे शब्द त्यातूनच आले. म्हणजे प्लास्टिकचे गांडूळ हे खरे तर 'निरामिष आमिष' झाले! आमच्या शाळेत शाकाहारी घरांतली पुष्कळ मुले आहेत. त्यांच्या पालकांनी निश्चिंत असावे, येथे मासेमारी शिकवायची नसून पदार्थाचा अभ्यास करायचा आहे.

बास मासा

मोठ्या तोंडाचा बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातील गोड्या पाण्यातला मासा. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागेपर्यंत जातो. तो पाणवनस्पतींच्या आड किंवा बुडालेल्या लाकडाजवळ दबा धरून बसतो आणि भक्ष्य जवळ आले की तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. लहान मासे, बेडूक आणि क्रेफिश, म्हणजे झिंग्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद, हे त्याचे अन्न. त्याच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा नावाचे इंद्रिय असते. त्यामुळे पाण्यातली बारीकशी थरथरही त्याला कळते. आमिष मऊ का हवे, याचे उत्तर येथेच मिळते. कडक लाकूड स्वतःहून थरथरत नाही, मऊ प्लास्टिक मात्र दोरी जराशी हलवली तरी वळवळते. शिवाय चावल्यावर ते खऱ्या प्राण्यासारखे लागते.

जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात पकडलेला बास २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोंचा होता. या विक्रमाची बरोबरी २००९ मध्ये झाली, आणि ती जपानमधील बिवा सरोवरात. अमेरिकेचा मासा तेथे कसा पोचला, हे पुढे येईल.

अ‍ॅक्रन गावची गोष्ट

ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन हे टायर व रबराच्या कारखान्यांचे गाव. तेथील गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी, मऊ करण्याची रीत शोधली. पीव्हीसी मुळात कडक असते. योग्य द्रवात मिसळून तापवले की ते रबरासारखे लवचिक होते. आपल्याकडील रेनकोट, विजेच्या तारांचे आवरण, बागेत पाणी घालायची नळी यांत हेच मऊ पीव्हीसी असते.

याच अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम नावाचे एक कारागीर होते. गांडुळे खणून काढायची, जिवंत ठेवायची, आणि गळाला लावली की ती लगेच मरायची, हा मासेमारांचा नित्याचा त्रास. क्रीम आणि त्यांच्या पत्नीने घरच्या घरी प्रयोग करून १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले. पुढे त्यांचा व्यवसाय टेक्सास राज्यातील टायलर येथे गेला आणि प्लास्टिकचे गांडूळ सर्वत्र पोचले.

रे स्कॉट यांनी १९६० च्या दशकात बास मासेमारीच्या मोठ्या स्पर्धा सुरू केल्या. त्या स्पर्धांत जिवंत आमिष चालत नाही, त्यामुळे कृत्रिम आमिषांचे महत्त्व फार वाढले. १९७२ पासून त्यांनी पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याची मोहीमही चालवली.

आवडती आमिषे

हौशी मासेमारांच्या डब्यात साधारणपणे पुढील प्रकार असतात.

१. सरळ गांडूळ. सर्वांत जुना प्रकार. याला गळ लावण्याची 'टेक्सास' पद्धत हुशारीची आहे. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यातून बाहेर काढून, फिरवून पुन्हा त्याच्याच अंगात खुपसतात. टोक झाकलेले राहिल्याने ते पाणवनस्पतीत अडकत नाही. मासा चावला आणि काठीला झटका दिला की मऊ प्लास्टिक फाडून ते बाहेर येते. पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन असते.

२. काडीसारखे आमिष. गॅरी यामामोतो यांचे 'सेन्को' हे यातले प्रसिद्ध नाव. दिसायला अगदी साधे, शेपूट नाही, पाय नाहीत. पण प्लास्टिकमध्ये भरपूर मीठ मिसळलेले असते. मिठाची घनता जास्त, त्यामुळे वेगळे वजन न लावताही ते बुडते, आणि बुडताना दोन्ही टोके हळूहळू थरथरतात. पुष्कळदा गळ बरोबर मधोमध टोचतात, म्हणजे दोन्ही टोके मोकळी राहतात.

३. वळणदार शेपटीचे व वल्ह्यासारख्या शेपटीचे. हे ओढताना पाण्याच्या दाबाने शेपूट आपोआप फडफडते. लहान माशाची नक्कल यात उत्तम साधते.

४. क्रेफिश व इतर प्राण्यांच्या आकाराचे. तळाशी खडकांत टुणटुण उड्या मारत न्यायचे. नांग्या मागे पाणी ढकलतात आणि पार्श्वरेषेला त्याची चाहूल लागते.

रंग निवडण्याचा साधा नियम असा, की स्वच्छ पाण्यात हिरवट, तपकिरी असे नैसर्गिक रंग आणि गढूळ पाण्यात काळा, गर्द निळा असे ठळक रंग वापरायचे. तसेच मासा शीतरक्ताचा असल्याने थंड पाण्यात मंद होतो, म्हणून हिवाळ्यात आमिष लहान घेतात व हळू ओढतात. मुलांनो, लक्षात घ्या, येथे पदार्थाची घनता, प्रकाश, तापमान आणि प्राण्याचे इंद्रिय असे तुमच्या पुस्तकातले चार धडे एकत्र आले आहेत.

कोनमापक का वितळला?

पीव्हीसीची बारीक पूड प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात मिसळली की दुधासारखे पातळ मिश्रण होते. त्याला प्लास्टिसोल म्हणतात. ते सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की पीव्हीसीचे कण द्रव शोषून फुगतात आणि एकजीव होतात. मग रंग, चमकी, मीठ, वास घालून ते साच्यात ओततात. थंड झाले की गांडूळ तयार.

परंतु हा द्रव पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, तो लांब रेणूंच्या मध्ये नुसता शिरून बसलेला असतो. त्यामुळे तो हळूहळू बाहेर येऊ शकतो. शेजारी पॉलिस्टायरीनसारखे दुसरे कडक प्लास्टिक असले तर द्रव त्यात शिरतो आणि त्यालाही मऊ, चिकट करतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. आमचा लोखंडी खण, इंदूरचा मे महिना आणि बंद पेटी, तिन्हींनी मिळून काम केले. मुलाने काहीच ओतले नव्हते. म्हणूनच परदेशात ही आमिषे ठेवण्यासाठी वेगळ्या प्लास्टिकचे डबे मिळतात.

अमेरिकेला न जाताही हे पाहता येईल. तुमच्यापैकी काहींचा पांढरा खोडरबर मऊ पीव्हीसीचा असेल. त्याचे कागदी वेष्टन काढून तो प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून महिनोन्‌महिने राहिला की पट्टीवर खड्डा पडतो. कागदी वेष्टन तेवढ्यासाठीच असते. ते फाडून फेकू नये.

पाण्यात उरलेले गांडूळ

मासा चावतो तेव्हा मऊ प्लास्टिक पुष्कळदा तुटते आणि पाण्यात राहते. खरे गांडूळ कुजते, हे कुजत नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात ट्राउट माशांवर प्रयोगशाळेत एक अभ्यास झाला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माशांनी अशी आमिषे आपणहून गिळल्याचे, ती त्यांच्या पोटात आठवडेच्या आठवडे राहिल्याचे आणि त्यांचे वजन घटल्याचे दिसले. २०१३ मध्ये त्या राज्यात अशा आमिषांवर बंदीचा प्रस्ताव आला. बंदी झाली नाही, पण सरकारी खात्याला अभ्यास करण्यास सांगितले गेले. जाणते मासेमार तुटके तुकडे खिशात घालून परत आणतात आणि काहीजण ते वितळवून पुन्हा ओततात.

बासची दुसरी बाजूही पाहू. १९२५ मध्ये हा मासा जपानमधील आशी सरोवरात नेऊन सोडला गेला. पुढे तो अनेक सरोवरांत पसरला आणि तेथील मूळच्या माशांवर ताव मारू लागला. आता जपानमध्ये २००५ पासून लागू झालेल्या कायद्याने त्याला उपद्रवी परका जीव ठरवले आहे. एका देशात ज्याला जिवंत सोडणे हे पुण्यकर्म, त्यालाच दुसऱ्या देशात सोडणे गुन्हा ठरू शकतो.

आपल्या नर्मदेतला महसीर २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. आपल्या शहराजवळचे सिरपूर तलाव आणि यशवंत सागर यांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा दर्जा मिळाला. घरातल्या काचेच्या टाकीतले परके मासे कंटाळा आला म्हणून तलावात सोडणे आणि सहलीत पिशव्या काठावर टाकणे, या दोन्ही गोष्टी आपल्या मुलांकडून होऊ नयेत, एवढी पालकांना विनंती.

शेवटी

त्या विद्यार्थ्याला आम्ही प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर नवीन कंपासपेटी दिली आणि चूक आमची होती असे सांगितले. रागावलो होतो आईसमोर, म्हणून त्यांनाही वेगळे बोलावून सांगितले. वितळलेला कोनमापक मात्र त्याच्याकडून मागून घेतला आहे. तो आता प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत, गांडुळासकट ठेवला आहे. शिक्षक मंडळींनाही आमची विनंती आहे, की जप्त केलेली वस्तू खणात टाकण्याआधी "हे काय आहे?" एवढे मुलाला विचारावे. आम्ही ते विचारले असते तर हा धडा एप्रिलातच शिकवून झाला असता.

स्वाध्याय (इयत्ता ६ वी ते ८ वी)

१. मीठ मिसळलेले आमिष वजनाशिवाय का बुडते?
२. पार्श्वरेषा म्हणजे काय? तिचा माशाला काय उपयोग?
३. खोडरबर व प्लास्टिकची पट्टी एकत्र ठेवून चार महिने दर आठवड्याला निरीक्षण लिहा. दुसऱ्या जोडीत मध्ये कागद ठेवा.
४. घरातील मऊ प्लास्टिकच्या पाच वस्तूंची यादी करा.
५. 'आमिष' हा शब्द वापरून दोन वाक्ये लिहा. एक माशाबद्दल, एक माणसाबद्दल.

वह्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्याव्यात. पाचव्या प्रश्नाची उत्तरे आम्ही स्वतः वाचणार आहोत.