हरितगृह की मांडव?

'हरितगृह' म्हटले की लंडनच्या क्यू उद्यानातील, १८४८ साली पूर्ण झालेले काचेचे पामगृह डोळ्यांपुढे येते. थंड देशात काच सूर्याची ऊब आत कोंडून ठेवते, म्हणून तेथे ती हवी. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. येथे बंद काचघर म्हणजे रोपांची भट्टीच! आपणांस हवी ती सावली.

आमच्या अंगणात बांबूच्या मांडवावर निम्मे ऊन अडवणारी हिरवी शेडनेट टाकली आहे. बाजू मोकळ्या, म्हणून तापलेली हवा कोंडत नाही. खाली पालक, कोथिंबीर. दोन वेळा झारीने पाणी. कोथिंबीर महागते त्याच दिवसांत आईला ती घरची मिळते. मोगरा मात्र मांडवाबाहेर, कारण सावलीत त्याला कळ्या कमी येतात. पाऊस लागला की शेडनेट काढतो. ढगाळ दिवसांत तिच्याखाली भाजी लांबुडकी नि फिकट होते.